एकाच हस्तिदंती पेटीला दोन नोंदणी क्रमांक का?

प्रश्न : न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या, चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये कोरलेल्या हस्तिदंती पेटीला १७.१९०.१७३ आणि १९८८.१६ असे दोन क्रमांक आहेत. असं का? जुने मालक कसे शोधतात?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : कारण ती सगळी एकाच वेळी संग्रहालयात आली नाही. क्रमांकातला पहिला आकडा साल सांगतो : १७ म्हणजे १९१७. त्या वर्षी पेटी आणि झाकण अमेरिकन बँकर जे. पिअरपॉंट मॉर्गन यांच्या संग्रहाबरोबर भेट मिळालं. दर्शनी पट्टी मात्र १९८८ साली येऊन मिळाली. मध्ययुगीन कथेतली, तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलच्या पाठीवर स्वार झालेली फिलिस ही सुंदरी आहे ती हीच पट्टी.

अशा पेट्या सुट्या होतात याचं कारण त्यांच्या बांधणीत आहे. हस्तिदंताच्या पातळ पट्ट्या धातूच्या पट्ट्यांनी आणि खिळ्यांनी जखडलेल्या असतात. हस्तिदंत दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. मग खिळ्याच्या भोकापाशी चीर जाते. धातू निघाला की प्रत्येक पट्टी स्वतंत्र चित्र म्हणून विकली जाऊ शकते.

सुटी पट्टी त्याच पेटीची आहे का, हे नुसत्या तिच्यावर कोरलेल्या कथाप्रसंगांवरून ठरवू नये. बाल्टिमोरचं वॉल्टर्स संग्रहालय, ब्रिटिश म्युझियम, पोलंडमधल्या क्राकूवचं कॅथीड्रल इथल्या पेट्यांवरही तेच ते प्रसंग पुन्हा येतात. म्हणून उंची, जाडी, काठाची नक्षी, कुलपासाठी कोरी सोडलेली जागा आणि बिजागरीची भोकं जुळवून पाहावी लागतात. भोकं जुळवताना जपून, कारण धातूचं काम मागाहून बदललेलं असू शकतं.

मालकीचा माग आजपासून मागे काढावा : आधी संग्रहालयाची नोंदवही, मग लिलावांच्या याद्या, मग जुनी कोरीव चित्रं आणि प्लास्टरचे ठसे. लंडनची अरुंडेल सोसायटी ही कलाकृतींच्या प्रती काढणारी संस्था एकोणिसाव्या शतकात हस्तिदंती कामांचे ठसे विकत असे. असा ठसा मिळाला तर त्या काळी वस्तू कोणत्या अवस्थेत होती ते दिसतं. नावांत मात्र घोटाळा होतो. जे. पिअरपॉंट मॉर्गन १९१३ साली वारले. १९१७ ची भेट त्यांच्याच नावाच्या मुलाने दिली. ‘अमुक राणीची पेटी’ असं कुणी सांगितलं, तर त्या काळातला कागद मागावा. आणि १९३३ ते १९४५ मधली मालकी कोरी असेल, तर आधी ती शोधावी; नाझींनी लुटलेल्या वस्तू त्याच काळात हातोहात फिरल्या.