ठुशी भुलेश्वरची, नाव लेकीचं

प्रश्न : माझी मुलगी २१ वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्क चांगले आहेत. बारावीपासून नथी बनवून इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर विकते. मी तिला मार्चपर्यंत मुदत दिली : महिना २० हजार नफा दाखव, नाहीतर नथी बंद आणि बँकेच्या परीक्षांचा क्लास. हाताने बनवून आकडा गाठेना, म्हणून दिवाळीआधी मीच तिला मुंबईला भुलेश्वरला नेलं. तयार ठुश्या आणल्या, ‘हातांनी घडवलेलं’ म्हणून फोटो टाकले. ६३ ऑर्डरी आल्या, त्यातल्या ४१ तयार मालाच्या. नंतर एका बाईंच्या मानेवर पुरळ उठलं, दोघींच्या ठुश्या काळ्या पडल्या. पुरळवाल्या बाई रोज मेसेज करत होत्या, मी त्यांचा नंबर ब्लॉक केला. माल वन ग्रॅमचा होता, म्हणजे सोनं होतंच, मग फसवणूक कसली? आता मुलगी फोन हातात घेत नाही, नथही करत नाही. तिला धंद्याची शिस्त लागेल असा कोर्स सुचवा. तिच्या हिशेबाच्या वहीचे फोटो सोबत जोडले आहेत. – एक पालक, कराड

उत्तर :

नमस्कार. कोर्सचं नंतर बघू. आधी ती वही.

मी ती दोनदा वाचली. एका पानावर असं आहे : ‘पेशवाई नथ. मोती ३८, तार ९, खडे २२, डबी १५. १ तास २० मि. एक मोती टिचला, तो धरला नाही.’ खाली पेन्सिलीने, ‘काकूंच्या नथीचा दाब सैल, परत घट्ट करून दिली, पैसे नाही.’ साहेब, ज्या मुलीला तुम्ही शिस्त लावायला निघालात, ती टिचलेल्या मोत्याचाही हिशेब ठेवते आणि दुरुस्तीचे पैसे घेत नाही. तिला कसली शिस्त लावायची राहिली आहे, मला दिसत नाही.

आता तुमचा आकडा तिच्याच वहीत घालून पाहू. खर्च ८४ रुपये, विक्री ३५० ला, कुरियर गिऱ्हाइकाचं. एका नथीमागे २६६ रुपये राहतात. २० हजारांसाठी महिन्याला ७६ नथी. प्रत्येकीला १ तास २० मिनिटं धरली तर नुसते बसून ओवायचेच शंभर तास. फोटो काढणं, ‘ताई, नाक टोचलेलं नाही, चालेल का’ या मेसेजला विसाव्यांदा उत्तर देणं, पॅकिंग, मोत्यांसाठी पुण्याला बोहरी आळीत खेप, हे सगळं वेगळं. आणि शिवाय शेवटचं वर्ष. तुम्ही हे गणित मांडलं असतंत तर तेव्हाच कळलं असतं की तुमची अट हाताच्या कामाने पुरी होणारीच नव्हती. तयार माल आणून आपला म्हणून विकणं एवढी एकच वाट तुम्ही उघडी ठेवलीत, आणि तिकीट काढून तिला तिथवर घेऊनही गेलात.

पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. मार्क, परीक्षा, धंदा यांतलं काही नाही. दिवाळीपूर्वी ती महिन्याला १८-२० नथी विकत होती, म्हणजे पाचेक हजार रुपये, कॉलेज सांभाळून. त्यात तुम्हाला अपयश दिसलं. दिवाळीत खोटं बोलून ६३ ऑर्डरी आल्या, त्यात यश दिसलं. मुलगी फोन का उचलत नाही, हे मला विचारू नका. त्या फोनमध्ये ४१ बायका आहेत, ज्यांना वाटतंय की ठुशी तिने बसून ओवली. आणि एक बाई आहे जी आता मेसेज करू शकत नाही. याला तुम्ही शिस्त नसणं म्हणताय. मी लाज म्हणेन, आणि ती तुमच्यापेक्षा तिला जास्त वाटतेय याची नोंद घ्या.

‘वन ग्रॅम’बद्दल तुम्ही फारच ठामपणे लिहिलं आहे, म्हणून सांगतो. ते बाजारातलं नाव आहे, वजन नव्हे. पितळ, तांबं किंवा मिश्रधातूवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो, आणि एका ठुशीवर एक ग्रॅम सोनं आहे याची हमी त्या नावात कुठेही नाही. एक ग्रॅम सोन्याला आज काही हजार रुपये पडतात; ते ४५० रुपयांच्या ठुशीत कोण घालून देईल, हे बी.कॉम.च्या मुलीच्या वडिलांना मी सांगायला नको. हॉलमार्कचा इथे संबंध येत नाही. तो सोन्याच्या दागिन्यावर असतो, जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि २२ कॅरेटला ९१६ चा आकडा व सोबत एचयूआयडी, म्हणजे अक्षरं आणि आकडे मिळून सहा खुणांचा त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो. मुलाम्याच्या मालावर यातलं काहीच नसतं. असंच दुसरं फसवं नाव ‘जर्मन सिल्व्हर’. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी औषधालाही नाही. निकेलने बऱ्याच जणांच्या कातडीला खाज सुटते, पुरळ उठतं. त्या बाईंच्या मानेला नेमकं कशाने झालं ते मी इथून सांगू शकत नाही, पण मुलाम्याखाली काय आहे हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं आणि तरी तुम्ही विकलंत. ग्राहक संरक्षण कायद्यात, २०१९ च्या, मालाचं खोटं वर्णन करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावून सुटका होत नाही.

तयार माल विकणं वाईट आहे का? मुळीच नाही. अर्धा बाजार त्यावर चालतो. तिने पानावर दोन कप्पे करावेत : ‘मी केलेलं’ आणि ‘मी निवडून आणलेलं’. काम वाढलं तर शेजारच्या दोघींना मणी ओवायला बसवावं, मजुरी द्यावी, तसं सांगावं. ते हाताचंच काम राहतं. कोल्हापूरजवळच्या हुपरीला चांदीचं पैंजण एका हातून पुरं होत नाही, घराघरांतून फिरत तयार होतं, म्हणून त्याला कोणी खोटं म्हणत नाही. तुमच्यापासून लांब नाही, एका रविवारी तिला घेऊन जा. भुलेश्वरच्या खेपेपेक्षा स्वस्त पडेल.

आता काय करायचं. त्या ४१ जणींना मेसेज गेला पाहिजे, आणि तो तिच्या शब्दांत : ठुशी मी बनवलेली नाही, बाजारातून आणली होती, चुकीचं लिहिलं, परत करायची असेल तर पूर्ण पैसे आणि कुरियर आमचं. पुरळ उठलेल्या बाईंचा नंबर तुम्ही उघडायचा आणि फोन तुम्ही करायचा. परताव्याचे पैसेही तुमच्या खिशातून जातील, तिच्या डब्यातून नाही. सगळ्याजणी परत करणार नाहीत, काहींना ठुशी आवडलेली असेल. एखादी चार शब्द ऐकवेल, तेवढं ऐकून घ्या. पुढे प्रत्येक डबीत एक चिठ्ठी जाऊ दे : तार पितळेची, मोती काचेचे, पाणी आणि अत्तर लावू नका, दाब सैल झाला तर महिनाभर फुकट दुरुस्ती. हे ती आत्ताही करते, फक्त लिहून देत नाही. आणि नथ ३५० ला विकते ते मला कमीच वाटतं.

बँकेच्या परीक्षांचं एका ओळीत : आयबीपीएसला, म्हणजे सरकारी बँकांच्या भरती परीक्षेला, क्लार्कसाठी २८ आणि पीओसाठी (बँक अधिकाऱ्यासाठी) ३० वर्षांपर्यंत वय चालतं, ती २१ ची आहे, मार्चमध्ये कुठलंही दार बंद होत नाही. ती मुदत तुमची होती, ती तुम्हीच मागे घ्या, तिच्या आईसमोर.

कोर्स हवाच असेल तर रत्नशास्त्राचा महागडा डिप्लोमा नको, काचेच्या मोत्यांना त्याचा उपयोग शून्य. तुमच्या जिल्ह्याच्या आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, चौकशी करा. बँका चालवतात, प्रशिक्षण मोफत असतं, इमिटेशन दागिन्यांचा छोटा वर्गही पुष्कळ ठिकाणी होतो. छोट्या धंद्यांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. हे दोन्ही परीक्षा झाल्यावर, आणि तिला हवं असेल तर.

एक राहिलं. वहीच्या फोटोत एका कोपऱ्यात तिच्या मैत्रिणीसाठी लिहिलेलं काहीतरी खासगी दिसतंय. ते मी वाचलं नाही, फोटो पुसून टाकले आहेत. वही तुम्ही तिला विचारून पाठवलीत का? नसेल, तर ४१ मेसेजच्या आधी ते तिला सांगा.