कानांना ओळखीची, डोळ्यांना नवखी: नव्या ग्रंथपालास पत्र

चि. नवोदित ग्रंथपाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील वाचनालयात रुजू होताच, शाळकरी मुलांना मोबाईलच्या मार्गाने पुस्तकांकडे कसे आणावे असे तू विचारलेस, याचा मनापासून आनंद वाटला. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर वाचनालयाचे खाते उघड, असा सल्ला तुला अनेकजण देतील. ते जरूर उघड. पण त्याआधी आपल्या भागातील मुले मराठी कशी वाचतात, हे त्यांच्या शेजारी बसून पाहा.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरी अस्खलित मराठी बोलणारी कितीतरी मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. गोष्ट ऐकताना ती रंगून जातात, पण तीच गोष्ट देवनागरीत समोर आली की जोडाक्षरापाशी अडखळतात. कन्नडमध्ये जोडाक्षरातले दुसरे व्यंजन बहुधा खाली लिहिले जाते, तर देवनागरीत पहिले व्यंजन अर्धे होऊन पुढच्याला चिकटते; ही सवय डोळ्यांना लागायला वेळ लागतो. अशा मुलांना वाचनाची गोडीच नाही, असा शेरा मारणे अन्यायाचे आहे.

त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रण हेच सर्वांत उपयोगी साधन आहे, असे माझे ठाम मत आहे. पुस्तकाची पहिली तीन-चार पाने सावकाश, स्पष्ट वाचून ध्वनिमुद्रित कर, त्याचा क्यूआर कोड मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस चिकटव आणि मुलांना ओळीवर बोट ठेवून ऐकू दे. गोष्ट ऐन रंगात आली असता ध्वनिमुद्रण थांबले पाहिजे, म्हणजे पुढचे पान वाचण्याची ओढ लागेल. वाचणारा आवाज शक्यतो गावातलाच असावा. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात रेंजचा भरवसा नसतो, म्हणून हीच मुद्रणे वाचनालयातील एखाद्या टॅबमध्येही साठवून ठेव.

पुस्तके निवडताना मात्र स्वामित्वहक्क तपास. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे हा हक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन आता मुक्त आहे. आरंभ तिथून करता येईल. इतरांसाठी लेखकाला किंवा प्रकाशकाला पत्र लिहून परवानगी मागावी.

दुसरे काम कष्टाचे आणि कोणाच्या नजरेत न भरणारे आहे. मुले मोबाईलवर मराठी नावेसुद्धा रोमन अक्षरांत टंकतात, आणि वाचनालयाच्या तालिकेत, म्हणजे संगणकावरील पुस्तकसूचीत, केवळ देवनागरी नोंद असेल तर कपाटात असलेले पुस्तकही त्यांना सापडत नाही. कोहा ही ग्रंथालयाचा कारभार चालवणारी मुक्त संगणक-प्रणाली तू वापरणार असशील, तर मार्क 21 या ग्रंथनोंदीच्या प्रमाण आराखड्यातील 246 हे क्षेत्र पर्यायी शीर्षकासाठीच आहे. तिथे रोमन आणि कन्नड लिपीतील रूपे भर. रोमन लेखन मुले दोन-तीन प्रकारे करतात, तेवढी सगळी रूपे दे.

फोन पुष्कळ घरांत एकच असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो, तेव्हा नव्या पुस्तकाचा निरोप रात्री जेवणाच्या सुमारास पाठव. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो. त्याऐवजी पालकांची ब्रॉडकास्ट यादी कर, म्हणजे निरोप प्रत्येकाला वेगळा जाईल. मात्र पालकांनी वाचनालयाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलेला नसेल, तर तो निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा 2023 चा कायदा 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो, म्हणून सभासद-अर्जावरच पालकांची संमती घे आणि विचारल्याशिवाय कोणत्याही मुलाचे छायाचित्र कुठेही टाकू नकोस.

पहिल्या दहा पुस्तकांची यादी ठरली की मला पाठव. वाचून दाखवायला आवाज कमी पडत असतील, तर दोन-तीन गोष्टी मी ध्वनिमुद्रित करून देईन.

तुझा हितचिंतक