मायला जपान दाखवायचं आहे, पण गुडघ्यांचं काय?

प्रश्न : आम्ही दिग्रस तालुक्यातले शेतकरी. मुलगी ओसाकाला नोकरीवर आहे. कापूस-तूर आटोपली की मार्चअखेरीस आठ दिवस तिच्याकडे जायचं आहे. सोबत माय, वय 70. ती दरवर्षी दीक्षाभूमीला जाते, मांस-मासे खात नाही, गुडघे दुखतात. टोकियो, क्योटो, नारा, हिरोशिमा सगळं होईल का? तिच्या जेवणाचं कसं करावं?

उत्तर : दादा, टोकियो सोडा. 2019 साली मी माझ्या आईला नेलं तेव्हा सात दिवसांत पाच शहरं कोंबली होती. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनात बाहेरचा रस्ता शोधता शोधता ती जिन्याच्या पायरीवर बसली अन् म्हणाली, "बाई, आता मले हालवू नोको." तिचा तो चेहरा आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

मुक्काम लेकीकडेच ठेवा. ओसाकाहून क्योटो अर्ध्या तासावर, नारा पाऊण तासावर. हिरोशिमाला शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, दीड तासात पोचवते, पण तो दिवस मायच्या तब्येतीवर सोडा.

नाराला मात्र नक्की न्या, अन् अख्खा दिवस ठेवा. तिथल्या तोदाइजी विहारातला काशाचा बुद्ध सुमारे 15 मीटर उंच आहे. 752 साली त्याचे डोळे रंगवून उघडले ते बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूने. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडायला सगळ्यांचाच हात लागला. हे मी आईला मूर्तीपुढे सांगितलं. तिनं विचारलं, "आपल्याकडचा माणूस इथवर आला कसा?" चीनमार्गे जहाजानं, म्हटलं. मग पदर सावरून तिनं हात जोडले अन् तासभर तिथून हलली नाही. आमची पुढची गाडी चुकली, ते बरंच झालं. बाहेर हरणं फिरतात. हातात बिस्किट दिसलं की लुगड्याला तोंड लावतात, तेवढं सांभाळा.

क्योटोत सान्जुसान्गेन्दो पाहा. लांब, सपाट दालन आणि त्यात कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, 1001 मूर्ती. फुशिमी इनारी देवळाच्या तांबड्या कमानी खालूनच दाखवा, वर पायऱ्याच पायऱ्या आहेत.

जेवणात खरी गोम 'दाशी'ची, म्हणजे रस्सा ज्या पाण्यात करतात त्याची, आहे. उदोनचा, म्हणजे जाड शेवयांचा, रस्सा दिसतो पाण्यासारखा, पण तो बहुधा सुकवलेल्या मासळीच्या किसावर उकळलेला असतो. वर मासा नाही म्हणून चालेल असं समजू नका. आमच्या हातून हीच चूक झाली आणि आई दोन दिवस हॉटेलात जेवलीच नाही. लेकीकडून जपानीत चिठ्ठी लिहून घ्या : मांस, मासे, दाशी नको. विहारांच्या आसपास 'शोजिन र्‍योरी' मिळते. भिक्खूंचं शाकाहारी जेवण, त्यात तोफू (सोयाबीनचं पनीर) आणि भाज्या. थोडं महाग पडतं, पण एकदा खाऊ घालाच. बाकी दिवस लेकीच्या घरचा भात. जवसाची चटणी कोरडी करून न्या. तिथल्या चिकट भातावर ती फार छान लागते.

हॉटेलात राहायची वेळ आलीच, तर पलंगाची खोली मागा. तातामीवर, म्हणजे तिथल्या गवती चटईवर, गादी घालून झोपणं आपल्याला जमतं, पण दुखऱ्या गुडघ्यांनी पहाटे खालून उठणं कठीण जातं. आणि मायसाठी जाड मोजे घ्या, दोन जोड. सान्जुसान्गेन्दोत जोडे काढावे लागतात, अन् मार्चच्या सकाळी ती लाकडी जमीन बर्फासारखी लागते.