रिटर्न भरलं म्हणून पीएम किसानचे पैसे परत करायचे का?

प्रश्न: मी ६४ वर्षांचा, वाशीम जिल्ह्यातला चार एकरांचा शेतकरी. समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला बँकेत ठेवला होता. २०२२-२३ मध्ये १,८०,००० रुपये व्याज आलं आणि बँकेने १८,००० टीडीएस कापला. रिटर्न भरल्यावर तो सगळा परत मिळाला. आता तहसीलची नोटीस आली आहे: 'आपण आयकरदाते आहात, १४ हप्त्यांचे २८,००० रुपये भरा.' पुण्यातला मुलगाही टॅक्स भरतो, असं तिथले लिपिक म्हणाले. न भरल्यास सातबाऱ्यावर बोजा चढवू, असंही सांगितलं.

उत्तर: घाबरून लगेच पैसे भरू नका. आपण सांगता तसेच कागद असतील, तर ही मागणी चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत अपात्रतेची अट अशी आहे: ज्याने मागच्या कर निर्धारण वर्षात (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं, कर ठरवण्याचं वर्ष) आयकर भरला, त्याला लाभ नाही. नुसतं रिटर्न दाखल करणाऱ्याला ती वगळत नाही. साठीपुढच्या माणसाला जुन्या करपद्धतीत तीन लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर नव्हता, आणि शेतीचं उत्पन्न मुळात करमुक्त. म्हणजे आपला कर शून्य होता, म्हणूनच टीडीएस पूर्ण परत आला. कापलेला टीडीएस पाहून आपल्याला करदाता ठरवलं असावं. अशा नोटिशीने म्हातारी माणसं रात्र-रात्र झोपत नाहीत, तेव्हा ती काढण्याआधी नोंद तपासायलाच हवी होती.

मुलाचा मुद्दा तर टिकतच नाही. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान (१८ वर्षांखालची) मुलं. सज्ञान मुलाच्या पगारावरच्या कराचा आपल्याशी संबंध नाही. पत्नीने कधी कर भरला असेल तर मात्र मला आधी कळवा, उत्तर बदलेल.

नोटिशीतल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. सोबत रिटर्नची पोच, आयकर विभागाची कलम १४३(१)ची सूचना (रिटर्न तपासून कर किती निघतो हे कळवणारी), फॉर्म २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या टीडीएसचा तपशील) आणि परतावा जमा झाल्याची पासबुकातली नोंद जोडा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका. उत्तरात दोन गोष्टी विचारा: कोणत्या वर्षी कर भरल्याची नोंद आहे, आणि वसुली कोणत्या तरतुदीखाली आहे? अट 'मागच्या कर निर्धारण वर्षा'ची आहे. एखाद्या वर्षी खरोखर कर भरला असता, तरी त्यावरून डिसेंबर २०१८ पासूनचे सगळे हप्ते मागणं मला मान्य नाही. त्या वर्षामुळे अपात्र ठरणारे हप्ते तेवढे परत करावे लागले असते. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात तेच विचारा.

गावात कुणी सर्वोच्च न्यायालयाच्या रफीक मसीह निकालाचा (२०१४) आधार सुचवेल. तो सरकारी कर्मचाऱ्यांना चुकून जास्त दिलेल्या वेतनाच्या वसुलीबद्दल आहे. आपली बाजू त्यावर उभी करू नका.

'चूक मान्य आहे' असं हमीपत्र पुढे केलं तर सही करू नका. दबावाखाली पैसे भरावेच लागले, तर सोबतच्या अर्जावर 'हक्क राखून भरणा' (म्हणजे पैसे भरले तरी मागणी मान्य नाही) असं लिहा. म्हणणं न ऐकता बोजा चढवला आणि तो आदेश जमीन महसूल संहितेखालचा असेल, तर तहसीलदारांच्या आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येतं. त्यासाठी आदेशाची नक्कल त्याच आठवड्यात मागा. तिथेही न्याय मिळाला नाही, तर नागपूर खंडपीठात रिट याचिकेचा मार्ग आहे.

हप्ते थांबले असतील तर पात्रतेच्या फेरतपासणीचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे वेगळा द्या. राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधीही पीएम किसानच्या यादीवरच मिळतो, त्यामुळे अर्जात त्याचाही उल्लेख करा.