उंदरांवरची दोन वर्षे

प्रश्न : खाद्यपदार्थांत मिसळायच्या रसायनाची चाचणी घेताना उंदरांना माणसाच्या कितीतरी पट मात्रा देतात. मग तिचा निष्कर्ष आपल्याला कसा लागू पडतो?

उत्तर : शंका रास्त आहे. दीर्घकालीन चाचणीत रसायन न दिलेल्या गटाबरोबर किमान ३ वेगवेगळ्या मात्रांचे गट असतात आणि प्रत्येक गटात साधारणपणे ५० नर व ५० माद्या ठेवून त्यांना सुमारे २४ महिने, म्हणजे जवळजवळ आयुष्यभर, ते रसायन खाद्यातून दिले जाते. एवढ्या थोड्या प्राण्यांत विरळा अपायही नजरेत यावा, म्हणूनच मात्रा चढी ठेवतात. अखेरीस यकृत, मूत्रपिंड, मूत्राशय अशा अवयवांचे पातळ काप काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात. माझ्या मते तपासणाऱ्याचा खरा कस इथेच लागतो, कारण म्हाताऱ्या उंदरांना गाठी एरवीही होतात. ज्या मात्रेला अपाय दिसत नाही, तिला बहुधा १०० ने भागून माणसासाठी रोजची मर्यादा ठरवतात : १० पट प्राणी आणि माणूस यांतील फरकासाठी, १० पट माणसामाणसांतील फरकासाठी.

तरीही प्राणी फसवू शकतो. सॅकरिन या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम गोड रसायनामुळे नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्यावर १९७७ मध्ये अमेरिकेने सॅकरिनयुक्त पदार्थांच्या वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे केले. पुढे असा उलगडा झाला, की जास्त मात्रेमुळे उंदराच्या मूत्रात कॅल्शियम फॉस्फेटचा साका धरून मूत्राशयाचे अस्तर दुखावते. माणसाच्या मूत्राची घडण मात्र वेगळी असते. २००० मध्ये तो इशारा रद्द झाला.