वाचकांचे प्रश्न : विहिरीची परवानगी रखडते तेव्हा

प्रश्न : वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत माझे फ्लँज (पाइप एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या चकत्या) बनवण्याचे छोटे वर्कशॉप आहे. समुद्रातील तेलविहिरीला परवानगी मिळाली नाही म्हणून एका ग्राहकाने तयार मालही उचललेला नाही. समुद्रापासून इतक्या दूर असूनही आम्हाला झळ का बसावी?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : कारण विहीर समुद्रात खोदली जात असली, तरी तिचे काम किनाऱ्यापासून फार आत पसरलेले असते. रिग, म्हणजे विहीर खोदणारा यंत्रसज्ज तराफा, थांबली की बोटी, खानावळी, वेल्डर आणि आपल्यासारखे पुरवठादार, सर्वांचेच काम थांबते. एप्रिल 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर स्फोट होऊन 11 कामगार दगावले. त्यानंतर अमेरिकेने खोल समुद्रातील खोदकामावर बंदी घातली. ती 12 ऑक्टोबरला उठली, परंतु नव्या नियमांनुसार पहिला परवाना 28 फेब्रुवारी 2011 रोजी निघाला. दरम्यान काही रिग इजिप्त आणि काँगोकडे गेल्या आणि त्यांच्यासोबत लुइझियाना या आखाताकाठच्या अमेरिकी राज्यातील कामही गेले. ते 11 जीव आठवले की कसून तपासणी झालीच पाहिजे असे मला मनापासून वाटते. मात्र निर्णयाची तारीखच ठाऊक नसणे लहान उद्योजकाला नकारापेक्षा महाग पडते, कारण कर्जाचा हप्ता थांबत नाही.

आपली ‘उद्यम’ ही लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी असल्यास 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. न उचललेल्या मालाला मात्र या तरतुदीचा उपयोग मर्यादित आहे, म्हणून पुढील ऑर्डरमध्ये आगाऊ रक्कम आणि माल उचलण्याची मुदत लेखी घ्यावी.