जीवशास्त्राचे नेमके किती विषय घ्यावेत?

अमेरिकेत पदवीच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या आणि पुढे मेडिकल स्कूलला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांचे मराठी पालक माझ्याकडे जी काळजी वारंवार घेऊन येतात, ती जीवशास्त्राच्या विषयांबद्दल असते. किती विषय घ्यायचे आणि कोणते, हा तिचा एक भाग. शाळेत एपी बायोलॉजी, म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा जीवशास्त्राचा विषय, झालेली असताना कॉलेजात पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करायची का, हा दुसरा. न्यू जर्सीतील एका कुटुंबाच्या बाबतीत ही सगळी गुंतागुंत एकाच वेळी समोर आली, म्हणून त्यांच्या संमतीने, मुलीचे नाव आणि ओळख पटेल असा तपशील बदलून, तो अनुभव येथे मांडत आहे.

सानिका सार्वजनिक आरोग्य या विषयात पदवी घेत होती. एपी बायोलॉजीत तिला 5 पैकी 5 गुण होते आणि कॉलेजने त्यावर प्राथमिक जीवशास्त्राचे क्रेडिट दिल्यामुळे तिने तो विषय घेतलाच नव्हता. सामान्य रसायनशास्त्र पहिल्या वर्षी झाले होते, सेंद्रिय रसायनशास्त्राचा दुसरा भाग चालू होता. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रासाठी तिने जनुकशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवरसायनशास्त्र असे चारही विषय एकदम घ्यायचे ठरवले होते, कारण तिच्या खोलीतल्या मैत्रिणीची यादी तशीच होती. आईला त्यात काही वावगे वाटत नव्हते. “ताई, दोन विषय जास्त झाले तर बिघडलं कुठं? अर्ज वजनदारच होईल ना?” असा त्यांचा सवाल होता. वडील पुण्यात शिकलेले अभियंते. त्यांची अडचण वेगळी होती: बारावीला पीसीबी घेतले आणि नीट दिली की आपल्याकडे पात्रतेचा प्रश्न मिटतो, मग इथली अधिकृत यादी कोणी सांगत का नाही?

वडिलांचा प्रश्न मला अधिक मूलभूत वाटला, म्हणून सुरुवात तिथून केली. अशी एकच यादी अमेरिकेत नाही. पूर्वअटीचे विषय प्रत्येक मेडिकल स्कूल स्वतः ठरवते. पुष्कळ ठिकाणी प्रयोगशाळेसह वर्षभराचे जीवशास्त्र, सामान्य आणि सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि अलीकडे जैवरसायनशास्त्राचे एक सत्र अशी अपेक्षा असते. उलट स्टॅनफर्डसारखे मेडिकल स्कूल ठरावीक विषयांची सक्ती न करता तयारी कशी असावी एवढेच सुचवते. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचा, म्हणजे एएएमसीचा, ‘एमएसएआर’ हा ऑनलाइन संग्रह प्रत्येक स्कूलच्या अटी देतो. त्याची वर्गणी भरावी लागते, पण ती या वाटेवरच्या सर्वांत सार्थकी लागणाऱ्या खर्चांपैकी आहे असे माझे मत आहे. सानिकाने अर्ज करण्याजोग्या स्कूलांची यादी आधी केली आणि मग आम्ही त्यांच्या अटी वाचल्या. एपीबाबत त्यांच्यात एकवाक्यता नव्हती. काहींना कॉलेजच्या गुणपत्रकावर नोंदलेले एपीचे क्रेडिट पुरेसे होते, काहींना ते चालत नव्हते, आणि मधल्या बऱ्याच जणांचे म्हणणे असे की एपी मान्य आहे, परंतु त्याच विषयातला वरच्या पातळीचा अभ्यास, शक्यतो प्रयोगशाळेसह, कॉलेजात केलेला दिसला पाहिजे. प्राथमिक जीवशास्त्र पुन्हा घ्यावे का, याचे उत्तर तिथेच बरेचसे मिळाले: त्याऐवजी प्रयोगशाळा असलेले वरच्या पातळीचे दोन विषय घेतले की तिच्या यादीतली बहुतेक स्कूले समाधानी होणार होती. एपी मुळीच न स्वीकारणारी मोजकी स्कूले तिने यादीतून काढली.

प्रवेशाची अट पूर्ण होणे आणि विषय येणे यांत मात्र अंतर असते आणि ते एमकॅटमध्ये, म्हणजे मेडिकल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेत, उघडे पडते. या परीक्षेच्या जीवशास्त्र-जैवरसायन विभागात 59 प्रश्न असतात आणि त्यांतला सुमारे 65 टक्के भाग प्राथमिक जीवशास्त्राचा, सुमारे 25 टक्के जैवरसायनशास्त्राचा असतो. रसायन-भौतिक विभागातही सुमारे 25 टक्के जैवरसायनशास्त्रच आहे. म्हणजे एकच विषय दोन विभागांत उपयोगी पडतो आणि तो सहसा सेंद्रिय रसायनशास्त्र पूर्ण झाल्यावरच घेता येतो. तिसऱ्या वर्षानंतर लगेच अर्ज करायचा असेल तर त्याच वर्षाच्या वसंत ऋतूत एमकॅट द्यावी लागते, म्हणून जैवरसायनशास्त्र पहिल्या सत्रात येणे जवळजवळ अपरिहार्य होते. उरलेल्या विषयांची तिची निवड मी गृहीत धरली नाही. मूत्रपिंड रक्तातील पाणी आणि क्षार कसे सांभाळते, हे मी तिला पुस्तक न उघडता सांगायला लावले, आणि ती अर्ध्यावर अडखळली. शाळेतला 5 खराच होता, फक्त तो सोळाव्या वर्षी मिळवलेला होता. पेशी आणि जनुकांविषयी ती बरीच पक्की होती. इंद्रियसंस्थांचा भाग कच्चा होता. त्यामुळे शरीरक्रियाशास्त्र गरजेचे ठरले. सूक्ष्मजीवशास्त्र ही चांगली विद्या आहे, पण एमकॅटला जिवाणू-विषाणूंची जेवढी माहिती लागते तेवढी प्राथमिक पुस्तकात असते, आणि तिच्या यादीतल्या कोणत्याही स्कूलने तो विषय मागितलेला नव्हता.

आईंच्या ‘वजनदार’ अर्जाचा हिशेब यानंतर मांडला. एएमकॅस या सामाईक अर्जात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांची सरासरी वेगळी काढली जाते. सानिकाचे सार्वजनिक आरोग्याचे किंवा पोषणशास्त्राचे उत्तम गुण त्या सरासरीत धरले जात नाहीत, त्यामुळे विज्ञानाचे तिचे विषय मोजके होते आणि प्रत्येकाचा भार जास्त. एका सत्रात प्रयोगशाळेसह चार अवघड विषय घेऊन दोन ठिकाणी सी मिळाला, तर तो पुसता येत नाही. विषय पुन्हा घेतला तरी दोन्ही प्रयत्नांचे गुण सरासरीत धरले जातात, आणि मध्येच सोडला तर गुणपत्रकावर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण, उमटतो. आई बराच वेळ गप्प होत्या, मग त्यांनी तिसरा मार्ग विचारला: अर्ज एक वर्ष पुढे ढकलला तर? अमेरिकेत मेडिकल स्कूलला प्रवेश घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी पदवीनंतर किमान एक वर्ष मध्ये घेतात, हे ऐकून दोघांनाही आश्चर्य वाटले. ‘वर्ष वाया गेले’ ही आपल्याकडची धास्ती इथे लागू पडत नाही. सानिकाने मात्र निर्णय लांबणीवर टाकला, आणि ते मला योग्यच वाटले, कारण पहिल्या सत्राचे गुण हाती आल्याशिवाय त्या निर्णयाला आधार नव्हता.

शेवटी पहिल्या सत्रात जैवरसायनशास्त्र आणि जनुकशास्त्र, दुसऱ्या सत्रात प्रयोगशाळेसह शरीरक्रियाशास्त्र, असे ठरले. जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा स्वतंत्र तास तिच्या कॉलेजात होता, तोही तिने घेतला. जनुकशास्त्रात बी प्लस मिळाला तेव्हा आईंचा फोन आला, विषय पुन्हा घ्यावा का म्हणून. बी प्लससाठी विषय पुन्हा घेणे म्हणजे तोच वेळ एमकॅटमधून कापणे, असे मी त्यांना सांगितले. फेरविचार सी मायनस किंवा त्याखालच्या गुणांचा करावा लागतो, कारण अनेक स्कूले पूर्वअटीच्या विषयात किमान सी मागतात.

शरीरक्रियाशास्त्राची निवड आणखी एका कारणाने उपयोगी पडली, जे पालकांच्या यादीत सहसा नसते. पुष्कळ मेडिकल स्कूलांना विज्ञान शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. जनुकशास्त्राच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात प्राध्यापकांना सानिका नावानेही माहीत नव्हती. शरीरक्रियाशास्त्राच्या छोट्या प्रयोगशाळेत ती दर आठवड्याला त्याच बाईंसमोर उभी राहत असे, आणि तिच्यासाठी पहिले पत्र त्यांनीच लिहिले. दुसऱ्या पत्रासाठी ती आता जैवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत नियमित जाते.